आधी अर्थिंग तपासा

कोरीव काम निम्म्यावर येतं आणि मशिन मध्येच थांबतं. स्क्रीनवर 'अलार्म १' दिसतो, म्हणजे मशिनच्या टोकाचा लिमिट स्विच दाबला गेला. प्रत्यक्षात मशिनची सरकणारी गाडी स्विचपासून वीतभर लांब असते. घरी सीएनसी चालवणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव कधी ना कधी येतोच.

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवऱ्यात गाळ्यांच्या वसाहती आहेत. शेजारच्या विरारमध्ये हौशी माणसाचं मशिन मात्र फ्लॅटमधल्या टेबलावरच मावतं. '३०१८' या मशिनचं कामाचं क्षेत्र जेमतेम ३० बाय १८ सेंटीमीटर. त्यात तीन स्टेपर मोटर, २४ व्होल्टचा सप्लाय आणि बोर्डवर 'जीआरबीएल' हे फर्मवेअर. नॉर्वेच्या सिमेन स्कॉग्सरुड यांनी २००९ मध्ये ते लिहायला घेतलं आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. मशिन अडलं की पहिला संशय या फर्मवेअरवर जातो. सेटिंग बदलली जातात, नवा बोर्ड येतो, तरी अलार्म येतच राहतो.

दोष बहुतेक वेळा वायरिंगमध्ये असतो. लिमिट स्विचची वायर पाच व्होल्टची. बोर्डातला २० ते ५० किलोओहमचा रेझिस्टर तिला वर धरून ठेवतो, म्हणजे स्विच दाबल्यावरही तिच्यातून फार तर पाव मिलिअँपिअर करंट वाहतो. तिच्याच शेजारून कटर फिरवणाऱ्या स्पिंडलची केबल नेली, तर ही अशक्त वायर तिथला नॉइज लगेच पकडते. मोठ्या हौशी मशिनवर २.२ किलोवॅटचा स्पिंडल ४०० हर्ट्झवर मिनिटाला २४,००० फेरे घेतो. त्याला चालवणारा व्हीएफडी सेकंदाला हजारो वेळा व्होल्टेज तोडतो-जोडतो. तिथे हा त्रास कैक पटीने वाढतो.

उपाय महागडे नाहीत. स्पिंडलला शील्डेड केबल घ्यावी आणि ती सिग्नलच्या वायरपासून लांब ठेवावी. स्विच नॉर्मली क्लोज्ड पद्धतीने जोडावा, म्हणजे वायर तुटली तरी लगेच कळतं. इनपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. फ्रेम, स्पिंडल, सप्लाय आणि व्हीएफडी यांच्या अर्थच्या वायरी एकीतून दुसरीत न फिरवता, प्रत्येकाची वेगळी एकाच तांब्याच्या पट्टीवर आणाव्यात. ॲनोडाइझ्ड ॲल्युमिनियमचा वरचा थर वीज वाहू देत नाही. म्हणून स्क्रूखालची जागा खरवडून, दातेरी वॉशर घालून, थिंबल घट्ट आवळावं.

पण भिंतीतल्या सॉकेटला अर्थ नसेल तर ही सगळी मेहनत वाया जाते. एसएमपीएसच्या, म्हणजे मशिनच्या सप्लायच्या, फिल्टरमधले दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थ नसेल तर बॉडी मधल्याच व्होल्टेजला तरंगते. मीटर शंभराच्या आसपास दाखवतो आणि फ्रेमला हात लावला की झिणझिण्या येतात. यावर काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतात. हे कधीही करू नये. मागे कुठे न्यूट्रल सुटला, तर मशिनच्या अख्ख्या बॉडीवर २३० व्होल्ट येतात.

सॉकेटवर फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही तेवढाच आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट मिळायला हवा. तरी एवढ्यावर विसंबू नका. मल्टिमीटर नगण्य करंट घेतो, त्यामुळे गंजून धाग्यावर आलेला अर्थही त्याला चांगलाच दिसतो. विरारची हवा दमट आणि खारी आहे. अर्थच्या खड्ड्यात मीठ-कोळसा असतो; मिठामुळे जमिनीतून वीज चांगली वाहते, पण तेच मीठ लोखंडी पाइप खातं. जुन्या इमारतीत हा पाइप कित्येक वर्षांत कुणी पाहिलेला नसतो.

तेव्हा नवा बोर्ड मागवण्याआधी सोसायटीच्या कमिटीशी बोला आणि परवानाधारक वायरमनकडून अर्थ टेस्टरने मोजणी करून घ्या. शक्यतो मे महिन्यात करा. पावसाळ्यात ओल्या जमिनीत आकडा नेहमीच चांगला येतो. भरवसा ठेवायचा तो कोरड्या जमिनीतल्या आकड्यावर.