धार्मिक व्यवहार मंत्रालय (इंडोनेशिया)

धार्मिक व्यवहार मंत्रालय (इंडोनेशियन भाषेत केमेन्तेरियान आगामा) हे इंडोनेशिया सरकारचे धर्मविषयक कारभार पाहणारे मंत्रालय आहे. त्याची स्थापना ३ जानेवारी १९४६ रोजी झाली. त्याच्या नावातील 'मेन्तेरी' आणि 'आगामा' हे शब्द अनुक्रमे संस्कृतमधील 'मंत्री' व 'आगम' या शब्दांवरून आले आहेत. २०२५ पर्यंत हज यात्रेची व्यवस्था हे या मंत्रालयाचे एक प्रमुख काम होते. त्या वर्षी हे काम नव्या हज व उमरा मंत्रालयाकडे सोपविण्यात आले.

पार्श्वभूमी

डच राजवटीत मुस्लिम प्रजेच्या धार्मिक व्यवहारांवर सरकारची बारीक नजर असे. हजहून परतणाऱ्यांवर डचांना राजकीय कारणांसाठी विशेष संशय होता. १८५९ च्या एका आदेशानुसार, परतलेल्या यात्रेकरूने परीक्षेत आपण खरोखर मक्केला जाऊन आल्याचे सिद्ध केल्यावरच त्याला 'हाजी' ही उपाधी लावता येत असे. पुढे जपानी अंमलातही धर्मविषयक स्वतंत्र कार्यालय होते.

स्थापना

स्वातंत्र्याच्या वेळी इंडोनेशिया इस्लामी राष्ट्र असावे की धर्मनिरपेक्ष, यावर तीव्र मतभेद होते. मुस्लिमांना शरीयतचे पालन बंधनकारक करणारे शब्द १८ ऑगस्ट १९४५ रोजी राज्यघटनेच्या मसुद्यातून वगळले गेले. दुसऱ्याच दिवशी स्वतंत्र धर्म मंत्रालयाची सूचनाही फेटाळण्यात आली. नोव्हेंबर १९४५ मध्ये बान्युमास येथील प्रतिनिधींनी ही मागणी पुन्हा मांडली आणि सुतान स्याहरीर यांच्या मंत्रिमंडळाने ती मान्य केली. मोहम्मद रशीदी हे पहिले धर्ममंत्री झाले. त्यामुळे हे मंत्रालय दोन टोकाच्या भूमिकांमधील तडजोड मानले जाते. राज्याचा कोणताही अधिकृत धर्म नाही, परंतु धर्माच्या सोयी पुरविणे हे राज्याचे कर्तव्य ठरले.

कार्यक्षेत्र

देशाच्या लोकसंख्येत सुमारे ८७ टक्के मुस्लिम असले, तरी मंत्रालय इस्लाम, प्रोटेस्टंट, कॅथलिक, हिंदू, बौद्ध आणि कन्फ्यूशियन या सहा धर्मांचे काम पाहते. कन्फ्यूशियन धर्मावरील निर्बंध राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांच्या काळात, २००० मध्ये उठविण्यात आले. मुस्लिमांच्या विवाहांची नोंदणी, मदरसे व सरकारी इस्लामी विद्यापीठे, तसेच चंद्रदर्शनावरून रमजान व ईदच्या तारखा जाहीर करणे ही कामे मंत्रालयाकडे आहेत. धार्मिक न्यायालयांचे प्रशासन मात्र २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडे गेले.

हज यात्रा

खासगी आयोजकांकडून यात्रेकरूंची फसवणूक होऊ लागल्यामुळे १९६९ मध्ये सरकारने हजचे आयोजन पूर्णपणे स्वतःकडे घेतले. नंतर अधिक खर्चाच्या 'विशेष हज'साठी खासगी संस्थांना परवानगी मिळाली.

इस्लामी सहकार्य संघटनेच्या सूत्रानुसार प्रत्येक देशाला साधारणपणे दर हजार मुस्लिमांमागे एक यात्रेकरू पाठविता येतो. २०२५ मध्ये इंडोनेशियाचा कोटा २,२१,००० होता. हा जगातील सर्वांत मोठा कोटा असूनही प्रतीक्षायादीत ५० लाखांहून अधिक नावे आहेत. नाव नोंदविताना २.५ कोटी रुपिया (इंडोनेशियन चलन) अनामत भरावी लागते. त्यानंतरची प्रतीक्षा प्रांतानुसार बदलत असे, आणि काही ठिकाणी ती ४० वर्षांहून अधिक होती. त्यामुळे वयस्क अर्जदारांना हयातीत संधी मिळेलच याची खात्री नसते. ज्येष्ठांसाठी काही जागा राखीव असतात, आणि अर्जदाराचा मृत्यू झाल्यास त्याचा क्रमांक जवळच्या वारसाला मिळू शकतो.

ही अनामत २०१७ पासून हज वित्त व्यवस्थापन संस्था गुंतविते. त्या उत्पन्नातून त्या वर्षी निघणाऱ्या यात्रेकरूंच्या खर्चाचा काही भाग भागविला जातो. २०२३ मध्ये प्रत्येकी सुमारे ९ कोटी रुपिया खर्चापैकी यात्रेकरूने सरासरी ४.९८ कोटी भरले, तर उरलेली रक्कम या उत्पन्नातून आली. म्हणजे रांगेत मागे उभे असलेल्यांच्या पैशावर पुढच्यांना सवलत मिळते. इंडोनेशियन उलेमा परिषदेने २०२४ मध्ये ही पद्धत धर्माला निषिद्ध ठरविली.

टीका आणि वाद

यात्रेकरूंच्या पैशाशी संबंधित गैरव्यवहारांमुळे मंत्रालयाची प्रतिमा अनेकदा डागाळली. सईद अगील हुसीन अल मुनव्वर (२००६) आणि सूर्यधर्मा अली (२०१६) हे दोन माजी धर्ममंत्री भ्रष्टाचाराच्या खटल्यांत दोषी ठरले. २०२४ मध्ये मिळालेल्या २०,००० अतिरिक्त जागांपैकी निम्म्या विशेष हजला देण्यात आल्या. कायद्यात विशेष हजचा वाटा ८ टक्के ठरलेला असल्याने संसदेने या निर्णयाच्या चौकशीसाठी विशेष समिती नेमली.

विभाजन

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने हजविषयक कायद्यात दुरुस्ती केली आणि ८ सप्टेंबर २०२५ रोजी मोचम्मद इरफान युसुफ यांनी पहिले हज व उमरा मंत्री म्हणून शपथ घेतली. नव्या मंत्रालयाने प्रांतांचा कोटा प्रतीक्षायादीच्या प्रमाणात वाटण्याचे ठरविले. त्यामुळे देशभर प्रतीक्षा सरासरी २६ वर्षांच्या आसपास येईल. जिथे रांग फार लांब होती तेथील अर्जदारांना याचा लाभ होणार असला, तरी काही प्रांतांच्या वाट्याच्या जागा घटणार आहेत. धार्मिक व्यवहार मंत्रालयाकडे शिक्षण, विवाहनोंदणी आणि सहाही धर्मांच्या सेवेची कामे कायम आहेत.