वाचनालयातला गुरुवार

आमच्या गावच्या वाचनालयात एका फळीवर जुना रेडिओ ठेवलेला आहे. कैक वर्षे तो सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी लागत असे. सांगली केंद्रावरून सहक्षेपित होणाऱ्या पुण्याच्या बातम्या खरखरीतून कानी पडत. काटा थोडा सरकला की धारवाड लागे, आणखी थोडा सरकला की पणजी. एका काट्यावर तीन राज्ये नांदत होती आणि त्याबद्दल कुणी मोर्चा काढल्याचे आम्हास आठवत नाही. पुढे घरोघर टीव्ही आले, मग मोबाइल आले, आणि रेडिओवर धूळ बसली. वार्षिक जमाखर्चातून ‘रेडिओचे सेल’ हे कलम नाहीसे झाले तेव्हा समितीच्या लक्षात आले की गावात चार माणसांनी एकत्र बसून काही ऐकणे बंद पडले आहे.

गेल्या वर्षी नट्टीच्या दिवसांत हे पुन्हा सुरू झाले. (भाताच्या लावणीला आमच्या भागात नट्टीच म्हणतात. शब्द कन्नडातून आला, चिखल आमचाच.) पावसाने तीन दिवस वीज नव्हती. पुण्यात नोकरीला असलेला आमचा एक माजी विद्यार्थी गावी आला होता. वाचनालयाच्या कट्ट्यावर बसून तो कानाला काहीतरी लावून एकटाच हसत होता. विचारले तर म्हणाला, “गुरुजी, पॉडकास्ट ऐकतोय. तुम्हीपण ऐका की.”

तो कार्यक्रम इंग्रजी होता. त्याचे नाव ‘नो सच थिंग अॅज अ फिश’, म्हणजे मासा नावाची गोष्टच नाही! टीव्हीवरील एका प्रश्नमंजूषेसाठी माहिती शोधणारी इंग्लंडमधील मंडळी २०१४ पासून आठवड्याला एकत्र बसतात आणि त्या आठवड्यात सापडलेल्या नवलाच्या गोष्टी एकमेकांस सांगतात. नाव घेतले आहे ते स्टीफन जे गूल्ड या जीवशास्त्रज्ञाच्या एका विचारावरून. आपण ज्यांना मासे म्हणतो ते सगळे एका कुळातले नाहीत. हॅगफिश नावाचा बिनजबड्याचा एक जलचर आहे. आपला रावस या हॅगफिशला जितका जवळचा आहे, त्याहून तो उंटाला जवळचा आहे, कारण रावस आणि उंट दोघांनाही जबडा आहे आणि त्यांचा पूर्वज एक. हे आम्ही मुलांना मराठीत सांगितले तेव्हा सहावीतल्या एकाने विचारले, “मग गोव्याहून गाडीवर येतो तो काय उंट?” तीस वर्षे वर्गीकरण शिकवीत आलो, पण वर्गात एवढा चांगला प्रश्न आला नव्हता. त्या संध्याकाळी गुरुवार होता. तेव्हापासून गुरुवार ठरला.

ज्या वाचकांना हे प्रकरण नवे आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पॉडकास्ट हा शब्द फार जुना नाही. फेब्रुवारी २००४ मध्ये बेन हॅमर्सली या पत्रकाराने लंडनच्या ‘गार्डियन’ दैनिकात लिहिताना या नव्या प्रकाराला काय म्हणावे म्हणून दोन-तीन नावे सुचविली, त्यांतले हे एक. अॅपल कंपनीच्या आयपॉडमधला ‘पॉड’ आणि ब्रॉडकास्टमधला ‘कास्ट’. त्या आयपॉडचे उत्पादन २०२२ साली बंद झाले, शब्द मात्र राहिला. तबकडी गेली तरी आपण गाणे ‘लावतो’च ना? मराठी नाव शोधण्याचा खटाटोप आम्हीही केला. कुणी ‘श्रुतिका’ सुचविले, पण तो शब्द आकाशवाणीच्या छोट्या नाटकांनी केव्हाच घेतला आहे. शेवटी पॉडकास्टच राहू दिले.

रेडिओत आणि यात फरक असा की येथे केंद्र नाही आणि वेळ नाही. कार्यक्रम करणारा आपले ध्वनिमुद्रण एखाद्या संगणकावर ठेवतो आणि सोबत एक यादी ठेवतो. नवा भाग झाला की यादीत एक ओळ वाढते. आपल्या फोनमधील अॅप मधूनमधून ती यादी चाळते आणि नवे काही दिसले की आपल्याला कळविते. पेपर टाकणारा पोरगा आपल्या दारी येतो. येथे आपलाच पोरगा छापखान्यात जाऊन बघून येतो, इतकेच. अर्ध्या तासाच्या नुसत्या बोलण्याला साधारण १५ ते ३० एमबी लागतात, त्याच लांबीच्या चित्रफितीला त्याच्या कैक पट. म्हणून खानापूरच्या पश्चिमेकडील रानातल्या गावांनी, जेथे टॉवर दिसतो पण रेंज दिसत नाही, बाजारच्या दिवशी तालुक्याला गेल्यावर भाग उतरवून घ्यावेत आणि घरी निवांत ऐकावेत. यास पैसे पडत नाहीत. गुगलने २०१८ साली काढलेले पॉडकास्टचे स्वतंत्र अॅप २०२४ मध्ये बंद केले आहे. जुन्या फोनमध्ये त्याची खूण अजून दिसत असेल तर त्यावर टकटक करीत बसू नये.

आता खरी अडचण. ऐकायचे काय?

पहिल्या महिन्यात आम्ही फोनवर नुसते ‘मराठी पॉडकास्ट’ असे लिहून शोधत होतो. भुताच्या गोष्टी आल्या, यशाचे मंत्र आले, नटनट्यांच्या मुलाखती तर ढिगाने आल्या. ‘विज्ञान’ लिहिले तर स्पर्धा परीक्षांचे क्लास हजर! मुले कंटाळली. मग ध्यानात आले की हे ग्रंथालयातल्या कपाटासारखे नाही, येथे विषय फार नेमका सांगावा लागतो. ‘तंत्रज्ञान’ म्हणून काही मिळाले नाही, पण ‘उपग्रह’, ‘विजेवरची गाडी’, ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ असे लिहिले तसे एकेक सापडू लागले. एक चांगला भाग सापडला की त्यातल्या पाहुण्याचे नाव धरून दुसरा शोधावा, ही युक्ती आमच्या नववीतल्या एका मुलीने काढली आणि तीच सर्वांत उपयोगी पडली. देवनागरीत मिळाले नाही तर रोमन लिपीत लिहून पाहावे, हीसुद्धा तिचीच.

अशाने हाती लागलेल्यांत चालू घडामोडींसाठी बीबीसी मराठीची ‘सोपी गोष्ट’ आमच्या मंडळींना फार मानवली. एक विषय घ्यायचा, थोडक्यात उलगडायचा, पाल्हाळ नाही. त्यांचीच ‘गोष्ट दुनियेची’ थोडी लांब, पण जगात कुठे काय चालले आहे ते एकेक प्रश्न धरून समजावणारी. तरुण पोरांना ‘व्हायफळ’ आवडते. वायफळ या शब्दाची ही इंग्रजी ‘का’ जोडून केलेली मोडतोड आम्हास प्रथम रुचली नव्हती, पण गप्पा ऐकल्यावर राग गेला. इंग्रजी समजणाऱ्यांसाठी बीबीसीचा ‘इन अवर टाइम’ हा मेवा आहे. एक सूत्रधार आणि बहुधा तीन प्राध्यापक, विषय कधी कृष्णविवर तर कधी कुणी विस्मृत राजा. १९९८ पासून त्याचे हजारावर भाग झाले आणि २०२५ पर्यंत मेल्विन ब्रॅग हे एकटे गृहस्थ सूत्रधार होते. अमित वर्मा यांच्या ‘द सीन अँड द अनसीन’चे काही भाग पाच-पाच तासांचे आहेत. ते आम्ही वाचनालयात लावीत नाही, कारण जेवायला घरी जावे लागते.

येथे एक तक्रार नोंदवितो, आणि ती आपल्याच लोकांबद्दल आहे. पुण्या-मुंबईचे निवेदक तंत्रज्ञानावर बोलू लागले की दर वाक्यात निम्मे इंग्रजी. “बेसिकली हा डेटा प्रोसेस होऊन युजरला रेलेव्हंट कंटेंट मिळतो.” ऐकणाऱ्याला इंग्रजी येतेच असे ते धरून चालतात. सीमाभागातल्या मुलाचे तसे नाही. तो घरी मराठी बोलतो, कचेरीत आणि एसटी स्टँडवर कन्नड वाचतो, आणि इंग्रजी त्याला तिसऱ्या पायरीवर भेटते. मराठी म्हणून लावलेला कार्यक्रम त्याला मराठीतच कळत नाही. पुण्याच्या मुलाला कमी पडलेला शब्द शाळेत, क्लासात, शेजारी कुठेतरी मिळतो. आमच्या मुलाला ज्ञानाची मराठी ऐकायची तर शाळेबाहेर जागाच नाही, आणि मराठी शाळांचे पट कसे खाली येत आहेत ते या पानाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. म्हणून आम्ही भाग मध्येच थांबवितो, अडलेला शब्द फळ्यावर लिहितो आणि त्याला मराठी शोधतो. डेटाला ‘विदा’ हा शब्द आहे हे आम्हा शिक्षकांपैकीही दोघांनाच ठाऊक होते. सर्वच शब्द टिकतात असे नाही. ‘विदा’ मुलांनी उचलला, ‘संगणकप्रणाली’ फळ्यावरच राहिली.

भांडण झाले ते मात्र वेगळ्याच कारणाने. विषय म्हादईचा निघाला. ही नदी आमच्याच तालुक्यात देगावजवळ भीमगडच्या रानात उगम पावते, गोव्यात उतरून मांडवी होते. तिच्या पाण्यासाठी २०१० साली लवाद नेमला गेला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये त्याने कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिले, आणि तंटा तरीही सर्वोच्च न्यायालयात गेला. मराठीतून आम्ही ऐकले त्यात बहुतेक गोव्याची बाजू होती. हुबळी-धारवाडच्या लोकांना पिण्याचे पाणी हवे, ती बाजू ऐकायची तर कन्नडच लावायला हवे. शिवाय पोरांना ‘तले-हरटे’ या कन्नड पॉडकास्टचा पत्ता लागला होता. विज्ञान, समाज, राज्यकारभार अशा विषयांवर त्यात मोकळ्या गप्पा असतात आणि कन्नड सोपे असते.

आमचे तात्या उभे राहिले. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात लाठी खाल्लेला हा माणूस. म्हणाले, “ज्या वाचनालयाच्या पाटीसाठी आयुष्य घालवलं, तिथं आता कन्नड गप्पा ऐकायच्या?” आम्हीही समितीचेच. त्यांचे दुखणे आम्हास कळत होते आणि उत्तर पटकन सुचत नव्हते. सक्ती वेगळी आणि आवडीने ऐकणे वेगळे, असे काहीतरी आम्ही म्हटले. तात्यांनी चपला घातल्या आणि बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. घरी मात्र गेले नाहीत. आत कार्यक्रम सुरू झाला. आमचा एक सहकारी वाक्यावाक्याला थांबवून मराठीत सांगत होता. दहा मिनिटांनी दारातून आवाज आला, “चुकीचं सांगूलास. तो म्हणतोय की पावसाळ्यातलंच पाणी वळवायचं.” गावात तात्यांइतके चांगले कन्नड कुणाला येत नाही, हे आम्ही विसरलोच होतो. ते आत आले नाहीत, पण भाषांतर त्या दिवशी दारातूनच झाले.

दुसरी घटना दिवाळीनंतरची. आमच्या गल्लीतील एका निवृत्त गृहस्थांना सकाळी फोन आला. समोर पोलिसी गणवेशातला माणूस, मागे कार्यालयाचा देखावा. तुमच्या आधार क्रमांकावर अमली पदार्थांचे पार्सल सापडले आहे, तुम्हाला ‘डिजिटल अरेस्ट’ केले आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचे नाही, कुणाला सांगायचे नाही. चाळीस मिनिटे हे गृहस्थ आपल्याच स्वयंपाकघरात कैदेत बसून होते. गंमत अशी की दोन गुरुवारांपूर्वी ते स्वतः आमच्यात बसून याच फसवणुकीवरचा भाग ऐकून गेले होते. अशी कुठलीही अटक कायद्यात नाही, पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये तेच सांगितले होते, हे सगळे त्यांना ठाऊक होते. तरी भीतीपुढे ते सुचले नाही. समोरच्याने ठेवी किती आहेत असे विचारले तेव्हा कुठे आठवले. फोन कापून ते तडक वाचनालयात आले. अंगाला कापरे भरले होते. आम्हाला एकच विचारीत होते, “गुरुजी, खरंच अटक नाही न्हवं?” पाणी दिले, १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर तक्रार नोंदविली. पैसे वाचले. याच गल्लीतल्या एका घरचे त्याआधीच्या पावसाळ्यात गेले होते. तेव्हा आमचा गुरुवार नव्हता.

आता मुलांना स्वतःचा भाग करायचा आहे. पहिला झालाही, आठ मिनिटांचा, विषय क्यूआर कोड. किराणा दुकानाच्या गल्ल्यावर चिकटविलेला तो काळा-पांढरा चौकोन १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा यांनी तयार केला, तोही पैशांसाठी नव्हे, मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. ही माहिती सांगता सांगता ती युक्तीवाली मुलगी म्हणून गेली, “आता आमच्या गावात म्हाताऱ्यापण स्कॅन करूलेत.” आणि थबकली. “सर, चुकलं. ‘करत आहेत’ पाहिजे. परत म्हणते.” इतके महिने पुण्याचे आवाज ऐकून तिला आपले ‘करूलेत’ खोटे वाटू लागले होते.

यावर समितीत दोन तट पडले आहेत. एकाचे म्हणणे, बाहेर जाणारी भाषा प्रमाण हवी, नाहीतर लोक हसतील. दुसऱ्याचे म्हणणे, हसू देत. आम्ही स्वतः वर्गात चाळीस वर्षे लाल शाईने हेच ‘करूलेत’ खोडीत आलो आहोत, त्यामुळे आमच्या मताला फारशी किंमत नाही. तूर्त ते वाक्य ध्वनिमुद्रणात तसेच आहे. मुलीने ते काढायचे का, हे तिलाच ठरवू द्यावे असे आम्ही सुचविले आहे. तिने अजून काही सांगितलेले नाही.

येत्या गुरुवारी साडेसहाला म्हादईचा दुसरा भाग लावायचा आहे. तो तात्यांनी निवडला आहे आणि कन्नडच आहे. शेजारच्या गावांतून कुणी येणार असतील तर बसायला काहीतरी घेऊन यावे. वाचनालयाकडे सतरंज्या दोनच आहेत.