जुना आराखडा, नवे अस्त्र

बऱ्हाणपूरच्या राजघाटावर तापीत होडी भरावयाची झाली, तर जड ओझे तळाशीच ठेवावे लागते. भार वर गेला की होडी कलते. युद्धनौकेलाही हाच न्याय लागू पडतो. मात्र क्षेपणास्त्रांना आणि रडारला जागा वरच हवी असते.

ब्रिटिश 'लिअँडर' आराखड्यावरून मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली 'निलगिरी' १९७२ साली आरमारात आली. त्याच आराखड्यात सोव्हिएत क्षेपणास्त्रे बसवावयाची, तर नौका वाढविणे प्राप्तच होते. म्हणून 'गोदावरी'ची लांबी सुमारे ११३ मीटरांवरून १२६ मीटरांवर नेण्यात आली.

तिढा विजेचाही होता. ब्रिटिश पद्धतीची वीज ४४० व्होल्ट, ६० आवर्तनांची. सोव्हिएत यंत्रांची ३८० व्होल्ट, ५० आवर्तनांची. शिवाय रडारने टिपलेले लक्ष्य परक्या क्षेपणास्त्राला उमजेल अशा रीतीने क्षणार्धात पोचवावयाचे. येथील चुकीची किंमत खलाशांना प्राणांनी मोजावी लागते.

हे सारे जुळवून 'गोदावरी' १९८३ साली सेवेत आली व २०१५ साली निवृत्त झाली. अस्त्र विकत मिळते. ते आपल्या नौकेवर जुळविण्याची विद्या स्वतःच कमवावी लागते. ती ज्याच्यापाशी आहे, त्याला एकाच विक्रेत्याच्या तोंडाकडे पाहत बसावे लागत नाही.