सुबाभळीचा बुडखा काढण्याचा दिवस

सकाळी साडेसहा. साताऱ्यात मृगाच्या सरी येऊन गेल्या असल्या तरी वितीखाली जमीन कोरडीच असते, म्हणून काल संध्याकाळी बुडख्याभोवती पाणी सोडून ठेवलं होतं. बुडखा काढायला आलेले मामा हत्यारं मांडतात: पहार, टिकाव, खोरं, घमेली आणि दोन कुऱ्हाडी. जुनी कुऱ्हाड आडव्या मुळांसाठी, कारण मातीतल्या खड्यांवर तिची धार जाणारच. चांगली आहे ती कानशीनं घासून सोटमुळासाठी बाजूला ठेवतात. काम रोजावर ठरलंय. उक्तं दिलं की घाई होते. बुडखा वरच्यावर तासून माती लोटली जाते आणि सुबाभळीच्या बाबतीत तो सगळा पैसा वाया जातो.

सात. झाड हिवाळ्यात पाडलं, नगरपालिकेची परवानगी काढून. घरच्या बागेतलं झाड असलं तरी शहरात १९७५चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा त्याला लागू असतो. तेव्हा मामांनी छातीइतकं खोड उभं ठेवायला लावलं. त्यावर फुटव्यांचं रान माजलंय, पण आज हलवायला तेच खोड दांड्यासारखं हाताशी आहे. जमिनीलगत कापून ठेवलेल्या बुडख्याला धरायलाच काही उरत नाही.

आठ. आता खरं काम, आणि ते लाकडापेक्षा मातीचं जास्त. खोडापासून दोन फुटांवर गोल चर खणायचा. त्याआधी मामा विचारतात, "ताई, पाण्याचा पाइप कुठनं गेलाय?" पाइप कुंपणाकडून आहे, भिंतीच्या बाजूला अर्थिंगची तार. तेवढ्या भागात टिकाव बंद, फक्त खोरं आणि हात. कित्येक घरांत याच कामात नळ फुटतो, म्हणून हा प्रश्न पहार उचलण्याआधी विचारणारा माणूस मला हवा असतो. जेसीबी आणा म्हणणारे पुष्कळ भेटले. आमच्या फाटकातून तो येणार नाही, आणि आला असता तरी त्याच्या चाकांखाली बागेची माती दडपून गेली असती.

पहार दगडावर आपटली की टणकन वाजते, मुळावर बसली की आवाज दबतो. मामा न बघता सांगतात, "इथं मूळ हाय." मूळ दिसलं की लगेच कुऱ्हाड चालवायची नाही. त्यांचा भाचा हातानं माती खरवडतो, मी नळीनं मूळ धुते, मग घाव. धुतल्यानं धार टिकते. पहिला घाव चराच्या बाहेरच्या कडेला, दुसरा खोडाजवळ. मधला तुकडा उचलला की कुऱ्हाड फिरवायला जागा होते. मनगटाएवढी मुळं अशी एकेक करून निघतात आणि अकरापर्यंत चर गुडघाभर खोल होतो. न्याहारी उशिरा, भाकरी-ठेचा, उभ्या उभ्याच.

साडेअकरा. बारीक मुळांवर गाठी दिसतात. एक नखानं फोडली तर आत गुलाबी. हवेतला नत्र बांधणारे जीवाणू यात राहतात, त्यामुळे ही मुळं मी बागेतच गाडणार आहे. हे झाड मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं. उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंच्या 'बाएफ' संस्थेनं ते चाऱ्यासाठी, सरपणासाठी शेतकऱ्यांपर्यंत नेलं. तोडलं की पुन्हा फुटतं, हाच त्याचा शेतातला गुण. घराच्या भिंतीला लागून मात्र तोच गुण नडतो. शेंगा फुटून बी पसरतं, कठीण कवचामुळे ते मातीत वर्षानुवर्षं टिकतं. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत सुबाभूळ आहे ती यामुळेच.

एक. जेवण. शेजारचे काका सांगून जातात, भोकं पाडा, खडेमीठ नाहीतर ॲसिड भरा, आपोआप मरेल. हा सल्ला मला मुळीच मान्य नाही. मीठ मातीत मुरलं की तिथं पुढे काय रुजणार? रॉकेल ओतून पेटवणं तर त्याहून वाईट. मुळं जमिनीखाली धुमसत राहतात. एका बुडख्यासाठी जमीन नासवायची नाही.

दोन. दोन फुटांवर मुरूम लागलाय आणि सोटमूळ त्यात तिरकं घुसलंय. खोडाच्या टोकाला सोल बांधून तिघं ओढतो, सोडतो, पुन्हा ओढतो. खोड ज्या बाजूला झुकत नाही त्या बाजूला अजून मूळ शिल्लक आहे, असा मामांचा हिशेब. तिथं खणलं की खरंच सापडतं. मग राखून ठेवलेली कुऱ्हाड खड्ड्यात उतरते. फुटवे खोड आणि मूळ जुळतात त्या भागातून येतात, तेव्हा तो भाग सबंध निघायला हवा. त्याखालचं सोटमूळ मुरमात राहिलं तरी चालतं, ते सहसा फुटत नाही. साडेतीनच्या सुमारास खोड एकदम कलतं. "सरका!" मामा ओरडतात, आणि बुडखा चराच्या कडेवर आडवा होतो.

साडेचार. बुडख्यावरची माती ठोकून खड्ड्यातच टाकायची. लाकडाचे तुकडे आणि जाड मुळं वेचून बाहेर, कारण घरालगत पुरलेल्या लाकडाला वाळवी लागते आणि तिथून ती चौकटींकडे वळते. माती थराथरानं भरायची, प्रत्येक थराला पाणी, पायानं तुडवणं, शेवटी वीतभर उंचवटा. पावसात ती बसेलच. नवं झाड इतक्यात नको, तोवर झेंडू लावेन.

सहा. सरपण मामा घेऊन जातात, रोजाच्या वर, ठरल्याप्रमाणे. मी खराटा घेऊन सांडलेल्या शेंगा गोळा करते. आता दर सरीनंतर इथं बारीक रोपं उगवतील; दोन पानांवर असताना चिमटीनं उपटली तर निघतात, वाढू दिली तर पुन्हा टिकाव लागतो.