गोदामातल्या नोकरीचं प्रमाणपत्र कसं मिळतं?

भिवंडी, चाकण किंवा उरणच्या गोदामांत पहिली नोकरी धरायची, तर आधी काम ठरवावं. माल उतरवून घेणं, साठ्याची नोंद ठेवणं, कागदपत्रं सांभाळणं अशी एकेक कामं लॉजिस्टिक्स सेक्टर स्किल कौन्सिलने आखून दिली आहेत. प्रत्येकाचा ‘क्वालिफिकेशन पॅक’ असतो, म्हणजे त्या कामात काय काय यायला हवं याची यादी. किती शिक्षण लागतं, तेही त्यातच असतं. अनेकजण ‘सप्लाय चेन मॅनेजमेंट’ या भारदस्त नावाला भुलून नाव घालतात. आपण आधी पॅक वाचावा.

मग नोंदणी. स्किल इंडिया डिजिटल हबवर आधार लागतं. मार्कशीटवर आणि आधारवर नाव एकच असू द्या, मोबाइलही आधारशी जोडलेला हवा. नाहीतर गाडी ओटीपीपाशीच अडते. प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत प्रशिक्षण मोफत आहे. त्याच योजनेच्या नावाखाली कुणी फी मागितली, तर तिथून उठावं.

आता खरं शिक्षण. ट्रक आला. बिलावर 50 खोकी, उतरली 48. नवखा माणूस ड्रायव्हरच्या घाईत बिल्टीवर, म्हणजे मालवाहतुकीच्या पावतीवर, सही ठोकतो आणि नंतर दोन खोक्यांचा जाब त्यालाच द्यावा लागतो. आपण आधी मोजायचं, फाटकी-ओली खोकी बाजूला काढायची, बिल्टीवर ‘2 कमी’ लिहून ड्रायव्हरची सही घ्यायची आणि मगच आपली करायची. त्यानंतर जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची गोदामाची नोंद, ती 48 चीच. माझ्या मते एवढं अंगी बाणलं, तरी निम्मा अभ्यासक्रम झाला.

मांडणीत दोन नियम येतात. ‘फिफो’ म्हणजे आधी आलेला माल आधी बाहेर. ‘फेफो’ म्हणजे ज्याची मुदत आधी संपते तो आधी बाहेर. औषधं आणि खाद्यपदार्थांना दुसरा लागतो. काल आलेल्या खोक्याची मुदत महिन्यापूर्वी आलेल्या खोक्याच्या आधी संपू शकते, हे परीक्षेत हमखास निसटतं.

माल पाठवताना ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना. साधारणपणे 50,000 रुपयांवरच्या मालाला तो लागतो. त्याच्या ‘ब’ भागात गाडीचा नंबर भरतात. वाटेत गाडी बदलली, तर नवा नंबर टाकावा लागतो. हे राहून गेलं की माल नाक्यावर अडकतो.

शेवटी मूल्यमापन. ते आपले शिक्षक नाही, बाहेरचा परीक्षक करतो. लेखी असतं, तसं प्रात्यक्षिकही. मुलं लेखीचंच घोकतात आणि प्रात्यक्षिकात हेल्मेट न घालता रॅकखाली शिरतात.

आधीच गोदामात काम करत असाल, तर सगळा कोर्स करायलाच हवा असं नाही. ‘आरपीएल’मध्ये, म्हणजे अनुभवातून आलेल्या कौशल्याची पारख करून, थेट मूल्यमापन देता येतं. केंद्रावर जाताना हे आधी विचारा.