नावाची राखण

पहाटे साडेपाच

नेहरूनगरच्या मैदानावर अजून अंधार असतो. पोरं वॉर्मअपला लागण्याआधी त्यांचे फोन माझ्या पिशवीत जमा होतात. मी प्रशिक्षक नाही. सोलापुरात कॉलेजात शिकणाऱ्या काही खेळाडूंचे जाहिरातीचे करार आणि त्यांची इन्स्टाग्राम, यूट्यूबची खाती सांभाळणं, हे माझं काम. सरावाचा व्हिडिओ सत्र संपताना, सरांना विचारून, मीच काढते. दमलेलं, सरांची बोलणी खाल्लेलं पोर त्या क्षणी फोनवर जे लिहील, ते पुढची पाच वर्षं त्याच्या नावाला चिकटून राहील.

सकाळी साडेसात

चहाच्या टपरीवर रात्रभरातल्या कमेंट वाचते. शिवीगाळ असेल तर स्क्रीनशॉट घेऊन ठेवते, मगच उडवते. पुढे तक्रार करायची वेळ आली तर हातात काहीतरी असायला हवं.

या कामाचा सगळ्यात मोठा धडा आपल्याच जिल्ह्यानं दिला आहे. जानेवारी 2023 मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या मातीवरच्या लढतीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड समोरासमोर आले. दोघंही सोलापूर जिल्ह्यातले. एका डावाला दिलेल्या चार गुणांवरून सगळ्या महाराष्ट्रानं फोनवर पंच व्हायचं ठरवलं. तोच तुकडा हळू करून, थांबवून, बाण काढून लोक पाहत राहिले. पंचांना धमकी आल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. दोन्ही पैलवानांची वर्षानुवर्षांची मेहनत त्या आठवड्यात काही सेकंदांच्या व्हिडिओएवढी उरली. ती लढत हरलेल्या सिकंदरनं नोव्हेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली. पण ती जिंकेपर्यंतचे महिने अशा पोरानं कसे काढायचे, हे त्याला शिकवणारं कुणी आपल्या व्यवस्थेत नाही. माझ्याकडच्या कुस्तीवाल्या पोराला मी एवढंच सांगते: निकालावर बोलायचं असेल तर सरांशी बोल, नाहीतर रीतसर दाद माग. फोनवर नाही.

सकाळी अकरा

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका कपडे कारखानदाराकडे. सोलापूरचे गणवेश राज्यभर जातात, आता त्यांना ट्रॅकसूट विकायचे आहेत आणि त्यासाठी आमची लांबउडीवाली मुलगी हवी आहे. गेल्या मोसमात ती विद्यापीठाच्या संघात होती.

"ताई, दोन ट्रॅकसूट आणि बूट देतो की. पोरीचं नावही होईल."

हे वाक्य मी रोज ऐकते, आणि रोज त्याचा राग येतो. नाव तिचं आधीच झालेलं आहे, म्हणून तर तुम्ही बोलावलंत. मालक माणूस वाईट नाहीत. खेळाडूला पैसे द्यायचे असतात, ही सवयच आपल्याकडे नाही. मग मी त्यांना किरण नवगिरेची गोष्ट सांगते. आपल्याच जिल्ह्याची पोर. 2022 मध्ये नागालँडकडून एका टी-20 डावात तिनं 162 धावा काढल्या, त्याच वर्षी सप्टेंबरात ती भारताकडून खेळली. तरीही मार्च 2023 मध्ये महिला प्रीमियर लीगमधल्या पहिल्या सामन्यात तिनं 43 चेंडूंत 53 धावा केल्या, तेव्हा बॅटवर कुठल्या कंपनीचं स्टिकर नव्हतं. धोनीच्या नावाचं 'एमएसडी 07' तेवढं हातानं लिहिलेलं होतं. देशाकडून खेळलेल्या मुलीची बॅट कोरी राहते, तिथं विद्यापीठाच्या खेळाडूला कोण विचारणार?

अमेरिकेत गोष्ट उलटी होती. तिथं कॉलेजच्या खेळाडूला स्वतःच्या नावावर पैसे कमवायला बंदीच होती. ती 1 जुलै 2021 ला उठली, आणि जुलै 2025 पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा एका विद्यापीठामागे सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर. आपल्याकडे अशी बंदी कधी गाजली नाही, कारण देणारंच कुणी नव्हतं. 'खेलो इंडिया'त निवड झालेल्यांना महिन्याला 10,000 रुपये मिळतात. बाकीच्यांचा खुराक घरच्यांच्या पगारातून.

तासभर बोलणं होतं. मालकांनी आणलेल्या कागदावर 'फोटो कायमस्वरूपी वापरता येतील' असं आहे. मी तिथं 'सहा महिने' लिहिते. शिवाय चार ओळी घालते: फोटो फक्त ट्रॅकसूटसाठी, स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात शूटिंग नाही, विद्यापीठाचं बोधचिन्ह विचारल्याशिवाय नाही, पैसे मुलीच्या खात्यात, रोख नाही. आणि वस्तू दिल्या तरी त्यांची किंमत कागदावर. जाहिरातीच्या मोबदल्यात मिळालेल्या वस्तूंची किंमत वर्षात 20,000 रुपयांच्या वर गेली तर त्यावर 10 टक्के कर कापायचा नियम जुलै 2022 पासून आहे. फुकटचे बूटही हिशेबात येतात, हे मालकांना आणि मुलीला एकदमच कळतं. मालक म्हणतात, विचार करून कळवतो.

दुपारी दीड

डबा खाता खाता निरोप बघते. एका क्रिकेटवाल्या पोराला पैशाच्या खेळाच्या ॲपची जाहिरात आली आहे. देऊ केलेली रक्कम त्याच्या वडिलांच्या पगाराहून मोठी. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं मंजूर केलेल्या कायद्यात अशा जाहिरातीला 2 वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंड आहे. मी त्याला फोन करून ते वाचून दाखवते. तो बराच वेळ गप्प राहतो, मग म्हणतो, "अक्का, घरी तुम्हीच सांगा." सांगते.

नंतर प्रोटीन पावडरचा दुकानदार. त्यालाही नाही. डबा सीलबंद असला तरी आत काय मिसळलंय याची खात्री कोण देणार? उत्तेजक चाचणीत सापडलेल्या प्रत्येक गोष्टीला खेळाडूच जबाबदार, चुकून पोटात गेली असली तरी. बंदी 4 वर्षांपर्यंतची असू शकते. कॉलेजची सगळी वर्षं त्यात संपतात.

दुपारी चार

पूर्व भागात, लांबउडीवालीच्या घरी. आई विड्या वळते, समोर सूप. मी खाली बसते. करार मुलीच्या नावावर होऊ शकतो, ती 18 पूर्ण आहे. पण आईच्या मनाविरुद्ध मी कुणाची सही घेत नाही.

आईचा प्रश्न पैशाचा नाही. "फोटोखाली लोक काय काय लिहितात म्हणे. उद्या स्थळ आलं तर?"

मी तिला बोलून गप्प करत नाही. तिची भीती खरी आहे. मुलीनं धावायच्या चड्डीत उडी मारलेला फोटो टाकला होता, त्याखाली गावगुंडांनी जे लिहिलं ते मी स्वतः पुसलं आहे. पण त्यासाठी फोटो काढून टाकणं मला मान्य नाही. तो तिच्या खेळाचा पोशाख आहे, लाज वाटायची तर लिहिणाऱ्यांना वाटावी. मी आईला फोनवर दाखवते: कमेंट कोण करू शकेल हे ठरवता येतं, ठरावीक शब्द आपोआप अडवता येतात, नको त्या माणसाला बंद करता येतं. करारातही लिहू, फोटो कुठला जाणार हे मुलगी ठरवणार. आई विडीला दोरा गुंडाळत ऐकते. मग विचारते, "तो पुसायचा खटका मला पण दाखवा की." आता त्या खात्याच्या कमेंटवर दोघींची नजर राहील.

संध्याकाळी साडेसहा

एका पोराच्या जुन्या कराराची पोस्ट आज जायची आहे, शेंगा चटणीची. मजकुरात पहिलाच शब्द 'जाहिरात', मराठीत, कारण पोस्ट मराठीत आहे. पोरांना वाटतं त्यानं लाइक कमी होतात. होत असतील. पण पैसे घेतल्याचं लपवायचं नाही, हा आता नियम आहे. आणि खोट्या दाव्याच्या जाहिरातीला पहिल्यांदा 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. 'ही चटणी खाऊन माझी ताकद वाढली' हे वाक्य मी काढून टाकते. तो ती लहानपणापासून खातो, ते खरं आहे, तेवढंच ठेवते.

रात्री साडेनऊ

कुस्तीवाल्याचा फोन. त्यानं दहावीत असताना दुसऱ्या तालमीच्या पैलवानाबद्दल लिहिलेलं काहीतरी कुणीतरी उकरून फिरवलं आहे. तो रडकुंडीला आला आहे, आणि उत्तर लिहून तयार आहे. उत्तर तीन परिच्छेदांचं. मी त्याला ते पाठवू देत नाही. आधी त्या पैलवानाला फोन कर, म्हणते, जगाला नंतर. अर्ध्या तासानं तो सांगतो, "बोललो अक्का. तो म्हणाला, मी पण तुला लय बोललो होतो." मग आम्ही दोन ओळी लिहितो: तेव्हा चुकीचं लिहिलं, त्याच्याशी बोलून माफी मागितली. जुनी पोस्ट काढतो आणि काढली हेही सांगतो. कमेंट रात्रभर बंद, पासवर्ड बदललेला, सकाळपर्यंत माझ्याकडे.

झोपण्याआधी कारखानदारांचा निरोप येतो: सहा महिने मान्य, पण पैसे दोन हप्त्यांत. मी लिहिते, चालेल. पहिला हप्ता शूटिंगच्या आधी.