खुर्ची तीच, पर्याय चारच. मग २५ वर्षांत केबीसी नेमका बदलला कुठं?

तारीख ३ जुलै २०००, वार सोमवार. रात्रीचे नऊ वाजले आणि स्टार प्लसवर अमिताभ बच्चन सूटबुटात अवतरले. मोठ्या पडद्याचा सुपरस्टार छोट्या पडद्यावर प्रश्नमंजुषा घेणार, हे अनेकांना पटत नव्हतं. पण काही दिवसांतच नऊच्या ठोक्याला रस्ते ओस पडू लागले आणि शाळेतली पोरंसुद्धा एकमेकांना 'लॉक किया जाए?' असं विचारू लागली.

त्या वेळी आईच्या मांडीवर बसून 'कौन बनेगा करोडपती' पाहणारी पिढी आज स्वतः हॉटसीटवर बसतेय. समोर अजूनही बच्चनच आहेत, प्रश्नाला अजूनही चारच पर्याय आहेत. त्यामुळे वरवर पाहिलं तर काहीच बदललेलं नाही असं वाटतं.

पण नीट बघितलं तर बक्षीस, लाइफलाइन, वेळ, खुर्चीपर्यंत पोहोचायचा रस्ता आणि खुर्चीवर बसणारा माणूस हे सगळं बदललंय. आणि यातला जवळपास प्रत्येक बदल स्टुडिओच्या बाहेर घडलेल्या कशाला तरी दिलेलं उत्तर आहे. ते कसं, तेच बघूया.

आधी थोडा इतिहास

हा खेळ मूळचा ब्रिटनचा. 'हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर?' हा शो ४ सप्टेंबर १९९८ ला ब्रिटनच्या आयटीव्हीवर सुरू झाला. बक्षीस होतं दहा लाख पौंड. पुढं अमेरिकेपासून जपानपर्यंत अनेक देशांनी त्याचे हक्क घेतले.

भारतात सुरुवातीला बक्षीस एक लाख ठेवायचं चाललं होतं, पण स्टारचे मालक रूपर्ट मरडॉक यांनी तो आकडा एक कोटीवर नेला, असा किस्सा टीव्हीच्या दुनियेत सांगितला जातो. त्याच वर्षी मुंबईच्या हर्षवर्धन नवाथे यांनी एक कोटी जिंकले आणि ते देशातले पहिले 'केबीसी करोडपती' ठरले. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा हा तरुण रातोरात घराघरात पोहोचला.

हे यश बघून झी टीव्हीनं त्याच वर्षी 'सवाल दस करोड का' आणला. सूत्रसंचालनाला अनुपम खेर आणि मनीषा कोईराला, बक्षीस केबीसीच्या दहापट. तरीही शो चालला नाही. म्हणजे नुसता आकडा फुगवून प्रेक्षक येत नाहीत, हा धडा पहिल्याच वर्षी मिळाला.

नावातच अडकलेला आकडा

आता पैशाचा विषय. २००० साली दहा ग्रॅम सोनं साडेचार हजारांच्या आसपास मिळायचं. म्हणजे एक कोटीत साधारण बावीस किलो सोनं आलं असतं. २०२५ मध्ये सोन्यानं दहा ग्रॅमला एक लाखाचा टप्पा ओलांडला. आता त्याच कोटीत किलोभरसुद्धा येत नाही. सोनं इतर वस्तूंपेक्षा जरा जास्तच महागलं हे खरं, पण कोटीचं वजन घटलं हे कुणीही मान्य करेल.

मग केबीसीनं काय करायचं? कार्यक्रमाच्या नावातच 'करोडपती' आहे. एक कोटीचा प्रश्न काढून टाकता येत नाही, कारण तोच क्षण बघायला लोक बसलेले असतात. म्हणून कोटी तिथंच ठेवून त्याच्या डोक्यावर मजला चढवला गेला. २००५ च्या दुसऱ्या पर्वात बक्षीस दोन कोटी झालं, २०१० मध्ये पाच कोटींचा जॅकपॉट आला, २०१३ मध्ये सात कोटी.

पण खालच्या मजल्यांचं काय? दहावा प्रश्न पार केल्यावर हातात पक्के राहणारे ३ लाख २० हजार पहिल्या पर्वात होते, तेवढेच कित्येक पर्वं राहिले. जाहिरातीत शिखर उंच होत गेलं, पण खाली पडणाऱ्यासाठी अंथरलेली गादी तेवढीच राहिली आणि महागाईनं ती पातळ होत गेली.

त्यात कर आहेच. अशा खेळात जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के दरानं आयकर लागतो आणि मोठ्या रकमेवर अधिभार व उपकर वेगळे. त्यामुळे पडद्यावर दिसणारा कोटी घरी येईपर्यंत पासष्ट-सत्तर लाखांच्या आसपास येतो.

सात कोटींवर लोक थांबतात का?

एक कोटी जिंकलेला माणूस सात कोटींच्या प्रश्नावर बहुतेक वेळा खेळ सोडतो. घरी बसलेला प्रेक्षक ओरडत असतो, 'अरे खेळ की!' गणितही प्रेक्षकाच्याच बाजूनं आहे.

समजा स्पर्धकाला उत्तर अजिबात माहीत नाही. चारातला एक पर्याय डोळे मिटून निवडला तरी बरोबर येण्याची शक्यता २५ टक्के. आधीच्या पर्वांच्या नियमानं बरोबर आलं तर सात कोटी, चुकलं तर ३ लाख २० हजार. सरासरी काढली तर या जुगाराची किंमत पावणेदोन कोटींच्या वर जाते. हातातल्या एक कोटीपेक्षा जास्त!

पण माणूस सरासरीवर जगत नाही. त्याला हा डाव आयुष्यात एकदाच खेळायचा असतो. चारपैकी तीन वेळा घर, मुलांचं शिक्षण, डोक्यावरचं कर्ज हे सगळं एका बटणासरशी हातातून जाणार असतं. ज्याच्याकडे आधीच दहा कोटी आहेत तो कदाचित खेळेल. महिन्याचा हिशोब हजारांत करणारा माणूस खेळत नाही, आणि ते शहाणपणच आहे.

म्हणजे वरचं बक्षीस कितीही वाढवा, खाली पडण्याची भीती कमी होत नाही तोवर खेळ रंगत नाही. २०२२ मध्ये याचाच एक प्रयोग झाला. स्वातंत्र्याच्या पंच्याहत्तरीचं निमित्त साधून ७५ लाखांचा नवा पडाव आला आणि कमाल बक्षीस साडेसात कोटी झालं. आता एक कोटीवरून पडलं तरी ७५ लाख हातात. त्या पर्वात कोल्हापूरच्या कविता चावला यांनी एक कोटी जिंकले. पण साडेसात कोटींच्या प्रश्नावर त्यांनीही थांबणंच पसंत केलं. २५ लाखांचा धोकासुद्धा सामान्य घरासाठी छोटा नसतो.

गुगल आलं आणि मित्राची पंचाईत झाली

पहिल्या पर्वात तीन लाइफलाइन होत्या: फिफ्टी-फिफ्टी, ऑडियन्स पोल आणि फोन अ फ्रेंड. मित्राला फोन लावायचा, तीस सेकंदांत प्रश्न सांगायचा आणि उत्तर घ्यायचं. २००० साली घरोघरी इंटरनेट नव्हतं. त्यामुळे मित्र म्हणजे खरोखरच जास्त वाचलेला माणूस. कॉलनीतले सर, मामा, नाहीतर यूपीएससीवाला दादा.

पुढं गुगल आलं. मग फोनच्या पलीकडचा माणूस आठवतोय की शोधतोय, हे कळणार कसं? अमेरिकेतल्या शोनं २०१० मध्ये ही लाइफलाइनच काढून टाकली. भारतात २०१७ मध्ये साध्या फोनऐवजी व्हिडिओ कॉल आला. मित्राचा चेहरा दिसू लागला, शोला नवा रंग मिळाला आणि चोरून शोधणंही अवघड झालं.

मधल्या काळात प्रश्न बदलण्याची, तज्ज्ञाला विचारण्याची आणि 'डबल डिप', म्हणजे एकाच प्रश्नाला दोनदा उत्तर देण्याची सोय येऊन-जाऊन राहिली. २०२० मध्ये कोरोनामुळे स्टुडिओत प्रेक्षकच नव्हते, मग ऑडियन्स पोल घेणार कुणाचा? त्या पर्वात ती लाइफलाइन बंद ठेवावी लागली.

घड्याळ का आलं?

पहिल्या पर्वात स्पर्धक हवा तेवढा विचार करायचा. बच्चन पाण्याचा ग्लास पुढं करायचे, गप्पा मारायचे, 'पक्का?' असं विचारायचे. खरी मजा त्या शांततेतच होती.

२०१० मध्ये शो सोनीवर गेला आणि सुरुवातीच्या प्रश्नांना घड्याळ लागलं. त्याच वर्षी ब्रिटनच्या मूळ शोनंही घड्याळ आणलं. कारण सोपं होतं: हातात रिमोट होता, वाहिन्या शेकड्यानं होत्या आणि हजार-दोन हजारांच्या प्रश्नावर चाललेलं चिंतन बघायला कुणाला वेळ नव्हता. अलीकडच्या पर्वांत पहिल्या पाच प्रश्नांना ४५ सेकंद, पुढच्या पाचांना ६० सेकंद आणि मोठ्या रकमांना मर्यादा नाही, अशी रचना दिसते. म्हणजे शांतता काढून टाकली नाही, फक्त महागड्या प्रश्नांसाठी राखून ठेवली.

खुर्चीपर्यंतचा रस्ता

आधी फोन लावून नशीब आजमावायचं, मग एसएमएस, आता ॲप. या रस्त्यावर पैसाही होता. २००७ च्या पर्वात घरबसल्या प्रेक्षकांसाठी एसएमएसची स्पर्धा होती. बक्षिसाचे पैसे एसएमएसच्या वाढीव दरातूनच काढले जातात, अशी तक्रार राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे गेली. २००८ मध्ये आयोगानं वाहिनी आणि मोबाइल कंपनीला एक कोटीचा दंड ठोठावला. पुढं २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुराव्याअभावी तो आदेश रद्द केला.

या रस्त्याची एक काळी बाजू अजून चालू आहे. 'केबीसीकडून तुम्हाला २५ लाखांची लॉटरी लागली आहे' असे व्हॉट्सॲप मेसेज अनेकांना येतात. सोबत बच्चन यांचा फोटो, मागून 'प्रोसेसिंग फी'ची मागणी. यात लोकांचे खरे पैसे गेलेत. लक्षात ठेवायची गोष्ट एकच: केबीसीत मोबाइल नंबरवर लॉटरी लागत नाही, आणि बक्षीस द्यायला आधी पैसे मागणारा माणूस भामटा असतो.

उत्तरापेक्षा माणूस मोठा झाला

सगळ्यात मोठा बदल मात्र खुर्चीवर बसणाऱ्यात झाला. माहिती दुर्मीळ होती तेव्हा ती डोक्यात असणारा माणूस हीरो होता. ती प्रत्येकाच्या खिशात आल्यावर हीरो बदलला. आता खेळाआधी स्पर्धकाच्या गावाचा व्हिडिओ येतो. त्याचं घर, आई-वडील, संघर्ष, स्वप्न.

२०११ मध्ये बिहारमधल्या मोतिहारीचा कॉम्प्युटर ऑपरेटर सुशील कुमार पाच कोटी जिंकला. २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे यांनी एक कोटी जिंकले. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवायचं त्यांचं मानधन महिन्याला १५०० रुपये होतं. त्या एपिसोडनंतर शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या बायकांना किती कमी पैसे मिळतात, हे कित्येकांना पहिल्यांदा कळलं. 'कर्मवीर' भागांत प्रकाश आणि मंदाकिनी आमटे, सिंधुताई सपकाळ हेही येऊन गेले.

या बदलाला दोन बाजू आहेत. एरवी टीव्हीवर कधीच न दिसणारी माणसं प्राइम टाइमला दिसली, ही चांगली बाजू. दुसरी बाजू म्हणजे गरिबी हाच कथानकाचा मसाला होतो आणि कॅमेरा बंद झाल्यावरचं आयुष्य कुणी दाखवत नाही. सुशील कुमारनं २०२० मध्ये फेसबुकवर लिहिलं, तेव्हा ते दिसलं. पैसा आल्यावर फसवणूक, व्यसन, घरातली भांडणं असं सगळं त्यानं भोगलं आणि नंतर शिकवणं, झाडं लावणं यात स्वतःला सावरलं.

मग बदललं नाही ते काय?

अमेरिकेत एबीसी वाहिनीनं लोकप्रियतेच्या भरात हा शो आठवड्यातून चार-पाच दिवस दाखवला. लोक कंटाळले आणि २००२ मध्ये तिथला प्राइम टाइमचा शो बंद झाला. केबीसीनं पर्वांच्या मध्ये विश्रांती घेतली, त्याचा फायदा झाला. २००७ मध्ये शाहरुख खानला बसवून पाहिलं, पण पुढच्याच पर्वात बच्चन परत आले. मराठीतही 'कोण होईल मराठी करोडपती' आणि पुढं 'कोण होणार करोडपती' आलं. सचिन खेडेकर, स्वप्नील जोशी, नागराज मंजुळे असे सूत्रसंचालक बदलले, वाहिनीही बदलली, पण खेळाचा सांगाडा तसाच राहिला.

मराठी घरांतला दुसरा दीर्घायुषी खेळ म्हणजे 'होम मिनिस्टर'. २००४ पासून आदेश बांदेकर पैठणी घेऊन घरोघरी गेले. २०२२ मध्ये तिथंही 'महामिनिस्टर'साठी ११ लाखांची पैठणी आली. २०२४ मध्ये कार्यक्रमानं निरोप घेतला. पण लोकांच्या आठवणीत ती महागडी पैठणी कमी आणि दारात उभं राहून 'वहिनी' म्हणणारे भाऊजी जास्त आहेत.

केबीसीचंही तसंच आहे. लाइफलाइन बदलल्या, आकडे बदलले, पण समोरच्या मोठ्या माणसानं एका साध्या माणसाला खुर्ची पुढं करून 'बसा' म्हणणं, हे तसंच राहिलं. सात कोटींचा प्रश्न आपल्याला आठवत नाही. खुर्चीवरच्या बाईनं बक्षिसाचं काय करणार म्हणून सांगितलं, ते आठवतं.